कौसामावशीचं नाक

वडवणीत मी साडेतीन वर्षं काढली. त्यातली पहिली दीड-दोन वर्षं मी रोज दोन्ही वेळा कौसामावशीच्या खानावळीत जेवलो, आणि त्या काळात मी काय खाल्लं हे आज मला सांगता येणार नाही. वांगं असेल, पिठलं असेल, डाळ असेल. डाव्या हातात मोबाइल असायचा आणि उजव्या हाताने घास तोंडात जायचा. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होतो. म्हणजे जितके तास घेणार तितक्यांचेच पैसे, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याचा भरवसा नाही. त्यामुळे माझं लक्ष सतत जाहिरातींकडे. कुठे जागा निघाली, कुठे मुलाखत आहे, कुणाचं झालं, कुणाचं राहिलं. भाकरी मोडता मोडता मी अर्ज भरायचो. वडवणी हे माझ्या दृष्टीने बस बदलायला उतरलेलं गाव होतं.

खानावळ बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत होती. पत्र्याचं शेड, सहा बाकडी, मागे चूल-गॅसची जागा. शेजारी शब्बीरभाईंचं दुकान. ते स्टोव्ह, शेगड्या, कुकर दुरुस्त करायचे. दोन्हींच्या मध्ये नुसता एक पत्रा. कौसामावशी इकडून बोलली की शब्बीरभाई तिकडून उत्तर द्यायचे, एकमेकांचं तोंड न बघता.

मावशी पन्नाशीची असेल. काटक, काळीसावळी, पदर खोचलेला. तिला बसलेली मी कधी पाहिली नव्हती. भाकरी थापतानासुद्धा ती उभीच. ओटा तिने मुद्दाम उंच करून घेतला होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर, चुलीपासून बाकापर्यंत, बाकापासून रस्त्यापर्यंत सारखी तिची ये-जा. नवरा लवकर गेलेला. मुलगी एकच, ती नेकनूरला दिलेली. आधी बारा-तेरा हंगाम तिने कोयता हातात घेऊन ऊसतोडीला काढलेले होते, आणि तिथलीच घाई तिच्या अंगात मुरली होती. "गाडी भरायची राह्यलीय का?" असं कुणी चिडवलं की म्हणायची, "भरायचीच हाय. माझी गाडी कवाच भरत न्हाई."

पण ती प्रसिद्ध होती तिच्या नाकासाठी.

ती स्वयंपाक चाखत नसे. आमटीवरचं झाकण काढायची, पदराने वाफ तोंडाकडे घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय." मिठाला वास नसतो, हे मी तिला एकदा शास्त्रीय पद्धतीने समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या पुस्तकात नसंल. माझ्या आमटीत असतोय." माणसंही ती वासावरून ओळखायची. दारातून आलेल्याकडे पाठ असतानाच म्हणायची, "या कंडक्टर, आज बीडची गाडी लई तापली वाटतं." एका शिक्षकाने बिडी सोडल्याची जाहीर घोषणा केली होती. मावशीने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "बिडीनं तुमाला सोडलेलं न्हाई, सर." बाकडी हसून हलली.

भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं येसर घालून ती आमटी करायची. तिचा वास म्हणे स्थानकात उतरलेल्या माणसाला गल्लीत ओढून आणायचा. म्हणे, असं मी म्हणतो, कारण मला तो वास आठवत नाही. मी तेव्हा तिथे नव्हतोच.

कोरोना सरत आला होता. खानावळीतली बाकडी पुन्हा भरू लागली होती, आणि तेव्हाच मावशीला ताप आला. दहा-बारा दिवस ती पडून होती. उठली, कामाला लागली, पण जेवण बिघडलं. एक दिवस डाळ खारट, दुसऱ्या दिवशी अळणी, तिसऱ्या दिवशी भाजीला करपल्याचा वास. लोक कुरकुरले. मावशी त्यांच्याशी भांडली. "माझं कायबी बिघडलेलं न्हाई. तुमचीच तोंडं आळणी झालीत. आधी जिभा घासून या."

एका दुपारी माझा तास रद्द झाला म्हणून मी अवेळी गेलो. आत धूर होता. चुलीवरचं पिठलं तळाला लागून काळं पडत होतं आणि मावशी हातभर अंतरावर, पाठमोरी, कांदा चिरत होती. मी ओरडलो तेव्हा तिने वळून पाहिलं. मग पातेल्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली.

"सांगू नको कुणाला," ती म्हणाली.

"मावशी, वास येत नाही तुला?"

"येईल. शेजारच्या पोरीचा बी गेलता. पंधरा दिवसांनी आला."

तिचा आला नाही. त्यानंतरचे तीन-चार महिने तिने नाकाच्या मागे जी धावाधाव केली, तिची मला आजही आठवण झाली की अस्वस्थ व्हायला होतं. ओवा भाजून फडक्यात बांधून हुंगला. कापूर हुंगला. लसूण ठेचून नाकाशी धरला. बीडच्या डॉक्टरकडे दोन वेळा, अंबाजोगाईला एकदा. कुणी सांगितलं मोहरीचं तेल नाकात सोड, तर सोडलं आणि दिवसभर डोळे गळत राहिले. सकाळी दुकान उघडलं की ती आधी कापराची डबी काढायची आणि एकामागून एक असे मोठे श्वास घ्यायची. बंद पडलेल्या गाडीला कुणी पुन्हा पुन्हा किक मारावी तसं ते दिसायचं. हाती काही लागलं नाही की डबी आपटायची, आणि त्या दिवशी जे पहिलं गिऱ्हाईक येईल त्याची धडगत नसे.

"कावून माझंच?" एकदा तिने मला विचारलं. "डोळा जाता, कान जाता तर चाललं असतं. नाकच कावून?"

माझं निम्मं लक्ष एका मुलाखतीच्या यादीत होतं.

मग तो गॅसचा दिवस उजाडला. सकाळचे साडेदहा झाले असतील. आम्ही आठ-दहा जण बाकांवर होतो. विद्यार्थी होते, एक कंडक्टर होता. रेग्युलेटरमधली रबराची चकती झिजली होती आणि गॅस किती वेळ सुटत होता कोण जाणे. बाकं रस्त्याच्या बाजूला उघडी, बाहेर गाड्यांचा धूर, त्यामुळे आम्हाला काही कळलं नाही. मावशी आत होती. शेगडी विझलेली बघून तिने काडेपेटी घेतली. काडी हातात, पेटी हातात. तेवढ्यात पत्र्यावर दणदण हात आपटले आणि पलीकडून शब्बीरभाईंचा आवाज आला, "आपा, नक्को! काडी नक्को ओढो! गॅस सुटेला हाय!"

ते धावत आले, सिलिंडर बंद केला, उचलून बाहेर नेला. आम्हाला सगळ्यांना गल्लीत हाकललं. मावशी तिथेच उभी होती. हातातली काडी तिने कितीतरी वेळ खाली टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी खानावळ बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. चौथ्या दिवशी मी बिस्किटांना कंटाळून गल्लीत गेलो तर मावशी उंबऱ्यावर बसलेली दिसली. बसलेली. ते बघून मला भीती वाटली. शब्बीरभाई समोर स्टुलावर बसून एका कुकरची शिटी खोलत होते.

"मी एकटी मेले असते तर वांदा नव्हता," ती कुणालाच उद्देशून बोलल्यासारखी म्हणाली. "धा लेकरं बसली होती आत. आता न्हाई करायचं हे. बास."

"आपा, बंद करून तू करणार काय?" शब्बीरभाईंनी मान वर न करता विचारलं. "घरी बसणार? तू? दो दिन में पागल होशील."

"नाक आल्यावर बघीन."

"आणि न्हाई आलं तर?"

गल्लीच्या तोंडाशी एक गाडी हॉर्न देऊन गेली. मग तिने कमरेची कापराची डबी काढली, उघडली, आत बघितलं, आणि नाकाशी न नेता शब्बीरभाईंच्या हातात दिली. "मशिदीत न्हाई तर कुठं चालत असंल तिथं वापर," असं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "परफेसर, गेलं ते. नाक काय रुसून माहेरी गेलेलं न्हाई, मी आणायला जायला. गेलं."

ती हे म्हणाली तेव्हा तिचा आवाज शांतबिंत नव्हता. चिडलेलाच होता. पण वाक्य संपल्यावर ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "शब्बीर, सिलेंडर भायेर ठेवता येतोय का रे?"

दोन दिवसांत सिलिंडर मागच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत गेला, भिंतीतून पाइप आला. शब्बीरभाईंनी बीडहून गॅस सुटला की शिटी वाजवणारं एक यंत्रही आणलं, पण ते फोडणी पडली तरी बोंबलायचं, म्हणून मावशीने ते काढून टाकलं. त्यापेक्षा रोज सकाळी शब्बीरभाई स्वतः यायचे, आत एक फेरी मारायचे, नाक वर करून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "पेटव, आपा." त्याशिवाय ती काडी ओढायची नाही. कुणाच्या हुकमाची वाट बघणं हे तिच्या जन्मात नव्हतं. पण ती थांबायची. एका पायावरून दुसऱ्या पायावर करत, पण थांबायची.

चवीचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. त्याचा पहिला बळी मी.

खानावळ उघडली त्या दुपारी तिने माझ्यापुढे मेथीची भाजी-भाकरी ठेवली आणि गेली नाही. पळी हातात घेऊन उभी राहिली.

"काय लागतंय?"

"बरी आहे," मी मोबाइलवरून नजर न काढता म्हणालो.

"बरी म्हंजे? बरं आजारी माणूस होतंय. भाजी कशी लागतीय ते सांग."

मी ताटाकडे बघितलं. अर्धी भाजी संपली होती. मला खरंच सांगता येईना. मी पुन्हा एक घास घेतला. ती वाट बघत होती. मागे कंडक्टर भाकरी मागत होता, पण ती हलेना. शेवटी मी मोबाइल उपडा ठेवला आणि चावलं.

"आधी कडू," मी म्हणालो. "मग… मग ते जातं. दाण्याचं कूट लागतं. लसूण आहे, पण मागून येतो. गिळल्यावर."

"मीठ?"

"अजून चिमूटभर चालेल."

तिने मान हलवली. मी बोलत असताना तिचे ओठ किंचित हलत होते. घास माझ्या तोंडात होता आणि गिळत ती होती.

त्या दिवसापासून खानावळीत कुणालाही गुपचूप जेवता येईना. कंडक्टर, विद्यार्थी, बाजारच्या दिवशी येणारे शेतकरी, सगळ्यांपुढे ती पळी घेऊन उभी. "चटणी कशी लागली?" "झणझणीत." "झणझणीत तोंडात का घशात?" काही गिऱ्हाइकं वैतागून सोडून गेली. एक साहेब म्हणाले, "आम्ही इथे जेवायला येतो, परीक्षा द्यायला नाही." मावशी म्हणाली, "मंग घरी जेवा. तिथं कोण इचारत न्हाई, म्हणून तर इथं येताव." साहेब पुन्हा आले नाहीत. पण राहिले ते बोलू लागले. आमटी कोकरू अंगाला लागल्यासारखी लागते, असं एक मेंढपाळ म्हणाला, आणि सगळं शेड थांबून त्याच्याकडे बघत राहिलं. आम्ही मग आमटीचा पुढचा घास कोकरू शोधत घेतला. मला सापडलं नाही, पण इतक्या सावधपणे मी आयुष्यात कधी आमटी प्यायलो नव्हतो.

दुसरीकडे ती कानाने स्वयंपाक शिकत होती. "कांदा बोलतोय तवर कच्चा," ती सांगायची. "गप झाला की झाला." पिठलं लागायच्या आधी त्याचे बुडबुडे जड होतात, हे तिने शोधून काढलं. भाकरी उलटायची वेळ ती बोटाच्या टोकावरच्या वाफेवरून ओळखायची. चुलीपाशी कुणी बोललेलं तिला खपेना. पूर्वी एका हाताने थापून दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला झापणारी बाई आता कढईवर वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत असायची. तिची सगळी वणवण त्या वीतभर जागेत गोळा व्हायची. मग फोडणी संपली की पुन्हा सुरू, "ए, पाणी कोण वाढणार? तुझा बाप?"

तिला सगळं जमलं, असं मी म्हणणार नाही. मधूनच एखादा दिवस असा यायचा की ती सगळ्यांवर खेकसायची, आणि शब्बीरभाई पत्र्याआडून म्हणायचे, "आज आपाला नाक याद आलं."

असाच एक दिवस तिच्या नातवाचा. नेकनूरला मुलगी बाळंत झाली. मावशी दोन दिवस खानावळ बंद ठेवून गेली. परत आली ती एक शब्द बोलेना. पेढेही वाटले ते आदळत. दुपारची गर्दी ओसरल्यावर मी ताट घेऊन बसलो होतो आणि शब्बीरभाई पाणी प्यायला आले होते.

"लेकराला मांडीवर दिलं," ती एकदम म्हणाली. "समद्या बाया टाळूचा वास घ्येत होत्या. मीबी घेतला. कायबी न्हाई. कागद हुंगल्यावानी." तिने फडकं पिळलं. "पोरगी इचारती, कसा येतोय गं वास माज्या बाळाचा? म्या सांगितलं, लई गोड. खोटं बोलले."

तिने फडकं ओट्यावर टाकलं.

"परफेसर, कसा असतोय? तू शिकलेला हाईस. सांग की."

मी कधी कुणाचं बाळ नीट हातात घेतलं नव्हतं. शब्बीरभाईंनी ग्लास खाली ठेवला.

"आपा," ते सावकाश म्हणाले, "गरम रोटीवर कच्चं दूध सांडलं तर? तसा. जरासा आंबट. आणि मागून तेलाचा."

मावशीने डोळे मिटले. फार वेळ नाही, दोन-तीन श्वास.

"हां," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा तसाच हुता." मग डोळे उघडून तिने आपले दोन्ही हात वर करून बघितले. "पण ऊब लई हुती बरं का त्याला. एवढुसा, आन तव्यावानी. ती कुठं कुणी बघत हुतं? समद्या नाकाच्या मागं."

त्याच वर्षी मी एका मुलाखतीला गेलो. कायमची जागा होती. चौदा जण आले होते आणि उमेदवार आधीच ठरलेला होता, हे आम्हाला आत जाण्याआधीच शिपायाकडून कळलं. तरी मी आत गेलो, बोललो, परत आलो. वडवणीत उतरलो तेव्हा डोकं नुसतं भणाणत होतं. खानावळीत बसलो आणि मोठमोठ्याने बोलायला लागलो. संस्था, शिफारशी, इथली नि आधीची मिळून माझी पाच वर्षं. मावशीने ताट आणून ठेवलं. मी बोलतच होतो आणि बोलता बोलता भाकरीचे तुकडे करत होतो.

तिने ताट माझ्यापुढून मागे ओढलं.

"आधी जेव, मग चिड. न्हाई तर आधी चिडून घे, मी भाकरी झाकून ठेवते. दोन्ही एकदम करू नको. चिडणंबी अर्धवट होतंय आन जेवणंबी."

मला तिचाही राग आला. मी म्हणालो, "आधी चिडतो."

"चिड," ती म्हणाली आणि ताटावर ताट झाकून ते खरंच आत घेऊन गेली.

मी बाकावर बसून चिडलो. समोर काही नाही. मोबाइलला हात लावावासा वाटेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुसरं काहीही न करता नुसता चिडून बसलो होतो, आणि त्या रागाच्या खाली भीती आहे हे मला त्या बाकावर कळलं. मी घाबरलो होतो. इतकंच होतं ते. मग मी हाक मारली, "मावशी, वाढ." भाकरी गार झाली होती. कारळाची चटणी होती, तेल होतं, कांदा होता. कांदा गोड निघाला. ते मला अजून आठवतं. ती कांद्याची चव, तो बाक, आणि माझ्या गुडघ्यावर पडलेला पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा ठिपका.

मी त्यानंतर शांत झालो वगैरे काही नाही. अर्ज भरतच राहिलो. पण ताटावर भरले नाहीत.

पुढे मला आष्टीला जागा मिळाली, तीही सरळ नाही, दीड वर्ष लटकून. वडवणी सुटलं. जाताना मावशी घाईत होती, बाजारचा दिवस होता. "जा, गाडी सुटंल," एवढंच म्हणाली आणि एका शेतकऱ्यापुढे पळी घेऊन उभी राहिली.

मागच्या हिवाळ्यात परळीला एका लग्नाला चाललो होतो. बस वडवणी स्थानकात दहा मिनिटं थांबणार, असं कंडक्टरने सांगितलं. उतरून गल्लीत जाऊन यावं की नाही या विचारात मी खिडकीशी अर्धवट उभा होतो, तेवढ्यात मागच्या मोकळ्या जागेतून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर कौसामावशी. पदर कमरेला घट्ट, दोन्ही हात ताठ, आणि खाली एक जुनी निळी स्कूटी. शब्बीरभाई टोपी हातात धरून मागे मागे पळत होते. "ब्रेक, आपा, ब्रेक! पाय नक्को, हात!" दोन म्हातारे, एक फुगेवाला आणि तीन कुत्री बाजूला झाली होती. गाडी डावीकडे कलायची, उजवीकडे कलायची आणि पडता पडता सरळ व्हायची.

मी खिडकीतून पूर्ण बाहेर वाकलो आणि ओरडलो, "मावशी! ओ मावशी! मी, परफेसर!"

तिला ऐकू गेलं. तिची मान वळायला निघालेली मला दिसली. पण वळली नाही. नजर समोरच्या दोन हात मातीवर तशीच रुतवून ती तिकडूनच ओरडली,

"आत्ता न्हाई! आत्ता मी गाडीवर हाय!"

आणि खांबाला वळसा घालून पलीकडे गेली. शब्बीरभाई मागे राहिले होते, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत हसत होते. आमच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. बस हलली तेव्हा ती दुसरा वळसा घेत होती, जरा जास्तच वेगात.